काल आला होता, पण वेल आली नव्हती

हे वाक्य मी शुद्धीत असताना टाइप केलं आहे. रात्री साडेअकराला, लॅपटॉपच्या पोटातल्या स्पीकरवर ऐकून. मुलाखत बहात्तरच्या दुष्काळावरची होती. बोलणारे आजोबा तेव्हा विहिरीच्या खोदकामावर होते, आणि दरड कोसळली त्याच्या जेमतेम चार पावलं आधी बाजूला झाले होते. मागे पाण्याचा पंप धडधडत होता, एक शेळी अधूनमधून आपलं मत मांडत होती. आजोबा म्हणाले आणि मी लिहिलं, ‘काल आला होता, पण वेल आली नव्हती.’ काल कोण आलं असेल, तर मुकादम असेल. वेल भोपळ्याची असेल. झोपेच्या अमलाखाली सगळं पटतं.

सकाळी चहा घेताना मजकूर वाचला आणि आधी हसू आलं, मग लाज वाटली. ज्या माणसाचा काळ आला होता आणि वेळ आली नव्हती, त्याच्या तोंडी मी भोपळा घातला होता.

माझं काम शब्दांकनाचं. एका अभ्यासगटातली मुलं गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांशी बोलतात, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतात आणि फाइली माझ्याकडे पाठवतात. मिलोची तांबडी भाकरी, सुकडीची रांग, खडी फोडायची कामं, रोजगार हमीचं हजेरीपत्रक, छावणीत बांधलेली जनावरं. मी ते ऐकायचं आणि बोलले तसं उतरवायचं. ‘तसं’ या शब्दावर सगळं अडतं. कुणी ‘पानी’ म्हणालं तर पानीच लिहायचं, त्याचं पाणी करायचं नाही. आणि कुणी स्वच्छ ‘पाणी’ म्हणालं असताना माझ्या कानाला ‘पानी’ ऐकू आलं, तर मी त्या माणसाला त्याच्या नकळत खेडवळ करून ठेवते. पुढे पन्नास वर्षांनी कुणी बोलीचा अभ्यास करायला बसलं, तर त्यांना अमुक तालुक्यात ‘ळ’ नाही असा शोध लागेल. त्याचं मूळ माझ्या लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या दोन जाळीदार चिरांत असेल.

तुम्ही म्हणाल, हेडफोन लावा. लावले की. तीन वर्षं लावले. उन्हाळ्यात कानांना घाम येतो, चष्म्याची काडी कानामागे रुतते, हे सगळं सोसता येतं. पण हेडफोन घातले की मी घरातून निघून जाते. सासूबाई पलीकडच्या खोलीतून हाक मारतात ती पोचत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. एका दुपारी दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ठिबकत होतं आणि मी पाझर तलावाच्या कामावरची मजुरी किती होती ते चौथ्यांदा ऐकत होते. त्या दिवशी ठरवलं की कान उघडे ठेवायचे आणि टेबलावर ठेवायचे छोटे स्पीकर घ्यायचे. आठवड्याभराचं काम, असं वाटलं होतं. साडेतीन महिने लागले.

माझी कामाची खोली म्हणजे बंद केलेली गॅलरी. सात फूट लांब, पाच फूट रुंद. समोर सरकत्या काचांची खिडकी, डावीकडे सासूबाईंच्या खोलीची भिंत, मागे स्वयंपाकघराकडे जाणारं दार. सुतारानं बसवलेलं चार फुटी टेबल, वर पांढरा सनमायका. मी बसते तिथून खिडकीची काच हाताला लागते. सासूबाई नऊला झोपतात, निदान दिवा तरी नऊला घालवतात, आणि माझं खरं काम त्यानंतर सुरू होतं. म्हणजे मला स्पीकर हवे होते ते हळू बोलणारे. हळू बोलूनही ‘ळ’ला ‘ळ’ म्हणणारे.

ही मागणी घेऊन मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. ज्यांनी तपकीर गल्ली पाहिली नसेल त्यांना सांगते, पुण्यात वायर, एलईडी, रिमोटचं कव्हर, मिक्सरचं बटण, यांतलं काहीही अडलं की माणूस तिथेच जातो. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, तसं आम्हाला हे. पहिल्याच दुकानदारानं काउंटरवर एक काळा डबा ठेवला. पुढे निळे दिवे, वर स्टिकर, त्यावर हजारांत वॉट.

“ताई, भिंती हलतील.”

“मला भिंती हलायला नकोत. शेजारच्या खोलीत ऐकूही जायला नको.”

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जशी मिठाईच्या दुकानात कडू काही मागितल्यावर बघतील. “मग मोबाइलवरच ऐका की,” तो म्हणाला. त्यात तथ्य होतं, पण त्याला ते माहीत नव्हतं.

स्टिकरवर वॉटच्या पुढे बारीक अक्षरात ‘पीएमपीओ’ लिहिलेलं होतं. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी पहिला संगणक आला त्यांना हा शब्द आठवेल. तेव्हा माचिसच्या पेटीपेक्षा जरा मोठ्या स्पीकरांवरसुद्धा तीनआकडी वॉट असत. पीएमपीओ म्हणजे क्षणार्धासाठी, काय वाटेल त्या परिस्थितीत, कागदावर काढलेला आकडा. तो मोजायची कुठली एकसारखी रीत नाही. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सलग झेपणारी शक्ती. आणि तोही पटत नसेल तर स्पीकरला वीज कुठून मिळते ते पाहावं. जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्टवर जास्तीत जास्त अर्धा अँपिअर मिळतो. गुणाकार केला की अडीच वॉट. तेवढ्या विजेवर चालणारा डबा हजार वॉटचा आवाज काढत असेल, तर महावितरणनं त्याचा जाहीर सत्कार करावा.

माझा भाचा नाटकांच्या ध्वनिसंयोजनाची कामं करतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “मावशी, तुला किती वॉट लागतात ते आधी काढ.” आणि त्यानं फोनवरच गणित मांडलं, जे ऐकून मी या सगळ्या बाजाराकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. साधारण छोट्या स्पीकरला १ वॉट दिला की १ मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज येतो. दोन माणसं समोरासमोर बोलतात तो आवाज ६० ते ६५ डेसिबल. मला तेवढाच हवा. १० डेसिबल कमी करायचे तर शक्ती एक दशांश पुरते, २० कमी करायचे तर एक शतांश. म्हणजे मला लागणार वॉटचा शंभरावा भाग. आजोबा मध्येच ओरडले, शेळी केकाटली, तरी पाव-अर्ध्या वॉटच्या वर काही जात नाही. आणि मी बसते ते मीटरभरही लांब नाही, अडीच फुटांवर.

वॉटचा शंभरावा भाग! दिवाळीच्या माळेतला एक दिवासुद्धा याहून जास्त खात असेल.

मग प्रश्नच बदलला. स्पीकर किती मोठ्यानं वाजतो हे विचारायचं नव्हतं. अगदी हळू वाजवताना तो कसा वागतो, हे विचारायचं होतं. आणि ते कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं.

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला इतकी आवडली की पुढे कित्येक दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या अभियंत्यांपुढे माझीच अडचण होती. बाहेरून प्रक्षेपण करायच्या त्यांच्या गाड्यांमध्ये जागा एवढीशी, माणूस स्पीकरला जवळजवळ नाक लावून बसलेला, आणि त्यानं तिथे बसून निवेदकाचा आवाज ठीक जातोय की नाही ते ठरवायचं. त्यांनी त्यासाठी एक छोटा स्पीकर घडवला, नाव एलएस ३/५ए. फूटभर उंचीचा बंद लाकडी खोका, आत खालचे सूर काढणारा ५ इंची वूफर आणि वर बारीक सूर काढणारा लहानसा ट्वीटर, दोन्ही केईएफ कंपनीचे. त्याला खालचा घनगंभीर नाद फारसा नव्हता, मोठ्यानं वाजवायची तर सोयच नव्हती. माणसाचा आवाज मात्र माणसासारखा यायचा. बीबीसीत स्पीकर पारखायची रीतसुद्धा घरगुती होती: ओळखीच्या माणसाला बोलायला लावायचं आणि त्याचा खरा आवाज नि स्पीकरमधला आवाज एकमेकांशी ताडून बघायचा. तो स्पीकर आजही बनतो, पण जोडीची किंमत लाखांत. माझं अंदाजपत्रक दहा हजार, ओढून ताणून बारा. तरी माझी गॅलरी म्हणजे एक प्रक्षेपणाची गाडीच आहे हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

मी लगेच ती रीत उचलली. सासूबाई रोज सकाळी औषधाच्या वेळी जे म्हणतात ते फोनवर टिपून घेतलं: “माझी गोळी दिली का गं? ती पांढरी नव्हे, काळ्या झाकणाच्या डबीतली.” या वाक्यात मला हवं ते सगळं होतं. दोन ‘ळ’, एक ‘ण’, शिवाय ‘झाकण’मधला तो खास मराठी, दातांमागून येणारा ‘झ’. वीस वर्षं मी हा आवाज ऐकते आहे. तो कुठे बिघडला तर मला कुणी सांगायला नको.

मग फोन घेऊन मी दुकानोदुकानी हिंडले. एका मोठ्या झगमगीत दालनात, जिथे माणसाच्या कमरेएवढे रंगीत दिव्यांचे स्पीकर उभे असतात, तिथल्या पोराला म्हटलं हे लाव. सगळ्या दालनात सासूबाईंची गोळी घुमली. ‘गोली’ आणि ‘काल्या’ ऐकू आलं, जशी काही एखाद्या डाकूच्या टोळीची बैठक चालू आहे. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पोरगा म्हणाला, “मॅम, गाणं लावू का एखादं? त्यात बेस कळेल.” बेस मला कळत होता. छातीत कळत होता.

असं का होतं ते मला पुढे उमगलं. स्वर तोंडातून भरघोस येतात, त्यांची ताकद खालच्या पट्टीत असते. व्यंजनं बिचारी किरकोळ अंगाची, वरच्या पट्टीत राहणारी. ‘स’चा सगळा सुसकारा चार-पाच हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, पुढे. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पोचवायचा, म्हणून तर आपण फोनवर ‘स सशातला की श शहामृगातला’ असं विचारत असू. ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्यातला फरक जीभ मागे वळवण्याचा, आणि तो कानाला कळतो मुख्यतः दोन-तीन हजार हर्ट्झच्या टापूत. आता गंमत बघा. दोन तोंडांच्या छोट्या स्पीकरात खालचा आवाज वूफर काढतो, वरचा ट्वीटर, आणि एकानं सोडून दुसऱ्यानं धरायची जी जागा, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. ती बहुतेक वेळा नेमकी याच दोन-तीन हजारांच्या आसपास असते. ब्लाउज शिवताना जिथे हात सारखा हलतो तिथलीच शिवण पहिल्यांदा उसवते, तसं आहे हे. चांगल्या कारागिरानं शिवलेला असेल तर शिवण दिसत नाही. स्वस्तात उरकलेला असेल तर तिथे खड्डा पडतो, आणि मराठीतला ‘ळ’ त्या खड्ड्यात जातो. इंग्रजीच्या हिशेबानं घडवलेल्या वस्तूला त्याचं सुतक असायचं कारण नाही.

ज्यांना दोन तोंडंच नसतात, एकाच लहान पडद्यावर सगळं वाजतं, त्यांना ही शिवण नसते. क्रिएटिव्ह कंपनीचे ते गोटीसारखे गोल पेबल स्पीकर मी यासाठीच ऐकले. दोन इंची पडदा, तोंड वर ४५ अंशांत कललेलं, म्हणजे टेबलावर ठेवलं की थेट कानाकडे बोलतात. त्या किमतीला मला ते फार प्रामाणिक वाटले. सासूबाई ओळखू आल्या, ‘ळ’ जागेवर होता. पण आजोबांचा आवाज बारीक झाला, जसं कुणी लहानपणीच्या त्यांनाच बोलायला बसवलंय. दिवसात तासभर ऐकायचं असतं तर मी तेच घेतले असते. मला सहा-सहा तास ऐकायचं असतं, आणि बारीक आवाज सहा तास ऐकला की कपाळ चढतं.

शेवटी ऑनलाइनच मागवले. पहिली जोडी नावाजलेली, दिसायला देखणी, आवाज स्वच्छ. दिवसा दोन तास ऐकले, खूश झाले, भाच्याला कळवलं. रात्री दहाला आवाज कमी करून कामाला बसले. एक आजी सांगत होत्या की लग्नात मिळालेली जोडवी त्यांनी कधी आणि कुणाला विकली. सांगता सांगता थांबल्या. मी पण थांबले. आजी परत बोलायला लागल्या तेव्हा पहिले दोन-तीन शब्द गायब! मागे नेऊन ऐकलं, परत गायब. मला वाटलं फाइलच तुटकी आहे. मग दिसलं की स्पीकरवरचा दिवा लाल झालाय. वीज वाचवण्यासाठी त्यात सोय होती: काही वेळ पुरेसा आवाज आत आला नाही की आपणहून झोपी जायचं. आणि ‘पुरेसा’ म्हणजे किती, ते ज्यानं ठरवलं त्याच्या घरी सासूबाई नसणार. मी एवढं हळू लावत होते की स्पीकरच्या लेखी तिथे कुणी बोलतच नव्हतं. मोठ्यानं ओरडणारा जागा ठेवतो आणि जोडवी विकलेली बाई गप्प झाली की झोप काढतो, असला श्रोता मला नको होता. ती सोय बंद करायचं बटणही नव्हतं. परत केले.

त्या प्रकरणातून आणखी दोन गोष्टी शिकले, त्या उरकून टाकते. एक म्हणजे आतल्या अँप्लिफायरची सूं. दिवाणखान्यात दहा फुटांवरून ती ऐकू येत नाही. अडीच फुटांवरून, रात्री, पंखा बंद असताना येते. दुकानात ती कळणं शक्यच नाही, तिथे एसी त्याहून मोठा असतो. दुसरं, आवाजाचं फिरतं बटण अगदी खाली असलं की पुष्कळ स्पीकरांत डावं-उजवं सारखं वाजत नाही, एक बाजू आधी जागी होते. यावर इलाज सोपा आहे: स्पीकरचं बटण मधोमध ठेवावं आणि आवाज संगणकावरून कमी करावा. मात्र सूं त्यानं जरा वाढते. हळू ऐकणाऱ्याला सगळीकडून थोडं थोडं सोसावं लागतं.

दुसरी जोडी आली ती राहिली. चार इंची वूफर, लाकडी खोका, हवेचं भोक पुढच्या बाजूला, कडेला बेस आणि ट्रेबलची वेगवेगळी बटणं, झोपी जायची सवय नाही. नाव सांगत नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत ते मॉडेल बंद झालेलं असेल, आणि तुमची गॅलरी पाच फुटी नसेल.

कारण पाच फूट हीच खरी भानगड निघाली. स्पीकर लावले आणि आजोबांची फाइल सुरू केली, तर आजोबा माठात तोंड घालून बोलल्यासारखे. आजींची लावली तर आजी ठणठणीत. परत आजोबा, परत माठ. माझी खात्री झाली की या जोडीलाही काहीतरी झालंय. भाच्यानं शांतपणे विचारलं, “खोली किती रुंद?” पाच फूट म्हणजे दीड मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेचं अर्धं अंग बरोबर मावतं, ती तिथे अडकून फुगते. गणित केलं तर ती लाट ११३ हर्ट्झच्या आसपास निघाली. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर शंभर ते दीडशेच्या घरातला, बायकांचा दोनशेच्या आसपास. म्हणजे माझी गॅलरी पुरुष बोलायला लागले की सोबत हुंकार देते आणि बायका बोलल्या की गप्प ऐकून घेते. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आमच्याकडं समदीच घरं तसली होती.”

मग सुरू झाली ती मांडामांड, जिच्यात मला स्पीकर निवडण्याहून जास्त मजा आली. टेबलावर थेट ठेवले की आवाज सनमायक्यावर आपटून उशिरा कानात शिरतो आणि शब्दांना शेवाळ चढतं, म्हणून माळ्यावरचे जेवणाचे दोन जुने पाट काढले. त्यांवर स्पीकर, पुढून खाली दाराला अडकवायची रबरी पाचर, म्हणजे ट्वीटरचं तोंड कानाकडे. दोन स्पीकरांमधलं अंतर आणि माझं डोकं यांचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी सारखा, सव्वादोन-अडीच फुटांचा; मुलाच्या जुन्या शाळेच्या टेपनं मोजला. कोपऱ्यातून पुढे ओढले, कारण कोपऱ्यात बेस दुप्पट माजतो. मागच्या दारावर सासूबाईंनी शिवलेली गोधडी टांगली. गोधडीनं माठ फुटला नाही, एवढ्या लांब लाटेला गोधडी म्हणजे मच्छरदाणी; पण काचेवरून येणारा खणखणाट गेला. सरकत्या खिडकीची एक काच एका ठरावीक सुराला झणझणायची, तिच्या फटीत बसच्या तिकिटाची घडी घातली.

आणि माठासाठी मोजा. ही युक्ती भाच्याची आहे आणि ती त्याच्या धंद्यात खरोखर वापरतात. स्पीकरच्या पुढच्या भोकात कापडाचा बोळा कोंबला की आतली हवा मोकळेपणी आतबाहेर करत नाही आणि खालच्या सुरांचा फुगवटा उतरतो. मुलगा हॉस्टेलला गेला तेव्हा शाळेचे पांढरे मोजे मागे राहिले होते. दोन स्पीकर, दोन मोजे. बेसचं बटणही थोडं मागे घेतलं. आजोबा माठातून बाहेर आले. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो की हे पांढरं काय डोकावतंय. मी पूर्वी खरं सांगत असे, हल्ली ‘फिल्टर आहे’ म्हणते.

एक गुणगुण तरी राहिलीच होती, बारीक, सतत, पन्नास हर्ट्झची ओळखीची. लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबायची, लावला की परत. दोन वेगवेगळ्या बोर्डांतून वीज घेतली की अर्थिंगच्या तारांचं असं वेटोळं होतं. दोघांना एकाच एक्स्टेन्शनवर आणलं आणि बरीचशी गेली. पुष्कळ जण यावर प्लगची तिसरी पिन मोडायचा सल्ला देतात. तो अजिबात ऐकू नका. ती पिन आवाजासाठी नसते, जिवासाठी असते.

काम नसलेल्या रात्री मी मोजे काढते आणि तानपुरा लावते. नुसता तानपुरा, गाणं नाही. हळू आवाजात तो आधी पातळ वाटायचा, खर्जाची तार जणू कुणी काढून नेलीय. याचं कारण १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मांडून ठेवलंय: आवाज जितका लहान, तितका आपला कान खालच्या सुरांना बहिरा. जुन्या अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’ असं एक बटण असायचं, ते यासाठीच. रात्री हळू ऐकताना दाबायचं. आमच्या माहेरच्या टेपरेकॉर्डरवरही होतं आणि आम्ही ते दिवसाढवळ्या, आवाज पूर्ण वाढवून दाबायचो. तर आता तानपुऱ्याला बेसचं बटण पुढे, आजोबांना मागे. जवारीची ती झिलई, एका तारेतून फुटणारे वरचे सूर, सगळे टेबलावरच्या पाटांवरून उठून माझ्या चेहऱ्यासमोर अधांतरी थांबतात. वॉटच्या शंभराव्या भागात.

आजोबांची ती फाइल मी पुन्हा पहिल्यापासून केली. ‘काळ’ आणि ‘वेळ’ आपापल्या जागी गेले. शिवाय आधी मी ज्याला ‘हिरीत’ ऐकलं होतं ते तीनदा ‘हिरीत’ आणि एकदा, शहरातून आलेल्या त्या पोरांकडे बघून असेल, ‘विहिरीत’ होतं. तो फरक तसाच ठेवला. पंपाच्या मागे दुसऱ्या कुणाचा तरी आवाज होता तो आता कळला. त्यांची बायको म्हणत होती, “त्ये सांगू नगा.” आजोबांनी ते सांगितलंच नाही. मीही लिहिलं नाही, फक्त कंसात ‘(थांबतात)’ असं लिहिलं.

त्यात तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंची गोळी, म्हणजे खरी गोळी, घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “त्या दरडीखालच्या मानसांचं फुडं काय झालं गं?”

माझ्या हातातली डबी पडता पडता राहिली. “आई, तुम्हाला ऐकू येतं?”

“रोज येतं की. झोप कुठली लागतीय मला.”

“मग सांगायचं नाही का? मी आणखी हळू लावते.”

“अगं हळू कशाला? नुसतं हूं हूं येतंय भितीतनं, सबूद एखादाच कळतोय. आमीबी हुतो खडी फोडायला, मला कळूदे तर.” भिंत खालचे सूर सोडते आणि व्यंजनं अडवते, तीन महिन्यांचा माझा अभ्यास त्यांनी एका वाक्यात मला परत केला होता. “जरा मोठं लावत जा.”

आता रात्री नऊला मी गॅलरीचं दार उघडं ठेवते. त्यामुळे गोधडी भिंतीकडे वळते आणि काचेचा खणखणाट परत येतो. परवा मी एका आजींचं ‘पानी’ लिहून पुढे गेले, तर खोलीतून आवाज आला, “पाणी म्हणली ती. मागं ने.”

मागे नेलं. पाणीच होतं.